वामनने तिरकी केलेली चाकं

वामन गेल्याचा शोभावहिनींचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा दुःख आलं नाही. बरं झालं, त्याला सगळं सांगून टाकलं होतं... हे आलं. महिना उलटला, त्याची लाज अजून वाटते, पण सुटल्यासारखंही वाटतं. म्हणून लिहितो आहे.

वामन माझा शाळेपासूनचा मित्र. महाल भागात त्याचं व्हील अलाइनमेंटचं दुकान होतं. तीस वर्षं त्याने लोकांच्या गाड्यांची चाकं सरळ करून दिली. एकाने लावलेली चाकं दुसऱ्याने न विचारता हलवायची नाहीत, हा त्याचा नियम. सख्ख्या भावाने तो मोडला म्हणून त्याच्याशी दोन वर्षं बोलला नव्हता. अर्धांगवायूने डावा हात कमजोर झाला, दुकान बंद पडलं आणि तो भिंतीकडे बघत बसू लागला. तेव्हा माझ्या मुलाचा पडून असलेला गाड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ गेम मी त्याच्या टीव्हीला जोडून दिला. त्यात ड्रिफ्ट नावाचा प्रकार असतो, वळणावर गाडी आडवी घसरवत न्यायची. त्यासाठी गाडीच तशी लावावी लागते, पुढची चाकं वरून आत झुकलेली, मागच्या टायरांत हवा जास्त. वामनला ते बघवेना. "तिरक्या चाकाची गाडी कोणी रस्त्यावर काढते का गा, सुध्या?" म्हणत तो चाकं सरळ करायचा, आणि गाडी सरळच जाऊन भिंतीवर आदळायची. रोज.

एका दुपारी तो औषध घ्यायला आत गेला आणि मी गुपचूप सगळी सेटिंग बदलली. दया म्हणून केलं, असं स्वतःला सांगत आलो. खरं म्हणजे त्याच्या पडलेल्या चेहऱ्यासमोर बसायचा मला कंटाळा आला होता... तो परतला, वळण आलं, आणि गाडी धूर सोडत आडवी होऊन अलगद निघाली. "शोभा! अवं, पाह्य वं!" चालत्या गाडीचं बॉनेट उघडायचं नाही, ही त्याची सवय, सेटिंग त्याने पुन्हा बघितलीच नाही. तीन महिने येईल त्याला ते वळण दाखवत राहिला. "सरळ चाकानं बी जमते. हात पाहिजे!" मी मान हलवायचो. मग एक दिवस म्हणाला, "दुकान उघडून राहिलो गा. हात परत आला माहा."

तेव्हा मात्र सांगितलं. त्याने टीव्ही बंद केला.

"माह्या गाडीले हात लावला तुनं? न इचारता?"

"हो."

"निघ."

नऊ दिवस फोन नाही. मैत्री संपली, असंच धरून चाललो होतो. दहाव्या दिवशी एवढंच, "ये." गेलो तर माझी सेटिंग पुसून त्याने सगळं पहिल्यापासून मांडलं होतं. चाकं त्याने स्वतः, एकेक अंशाने, तिरकी केली होती. माझ्यासमोर पाच वेळा भिंतीवर आदळला. सहाव्यांदा गाडी आडवी झाली, डगमगली, आणि निघाली. "पाह्य. आता हे माहं हाय." दुकानाचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही. मीही नाही. "माफ केलं असं समजू नको," म्हणाला, "चहा घे."

पंधरा दिवसांनी झोपेतच गेला.

परवा गेलो होतो. वहिनींनी टीव्ही लावला. "चालवा जरा. घर लई चूप झालं." वामनची गाडी वामनच्या सेटिंगवर चालवली. पहिल्याच वळणावर गरगर फिरली, दुसऱ्यांदाही. बोट आपोआप सेटिंगकडे गेलं... आणि थांबलं.

"वहिनी, मागची हवा जरा कमी करू का?"

वहिनी मेथी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काही नको. गाडी बरोबर हाय, भाऊजी. तुमीच शिका."