उमरेडचं पुसलेलं पाणी

बाळांनो, माझ्या ट्रंकेतला नकाशा कधीतरी तुमच्याकडे येईल. तो मळका दिसेल. तुमच्या आईच्या हाती जुनी वस्तू आली की ती आधी स्वच्छ करायला घेते. ही सवय तिने माझ्याकडूनच उचलली आहे. म्हणून आत्ताच लिहून ठेवते, त्या नकाशाला रबर लावू नका.

मागच्या महिन्यात तुम्ही फोनवर विचारलंत, "आजी, फोनमधला बाण नव्हता तेव्हा आपण कुठे आहोत हे तुला वर विमानात कसं कळायचं?" मी हसून विषय बदलला. खरं उत्तर असं की बरेच दिवस मला ते कळतच नव्हतं, आणि त्याबद्दल मी एका माणसावर फार चिडलेली असायची.

ते टेबलावर नकाशा पसरायचे, ज्या गावाबद्दल विचारायचं त्याच्या नावावर अंगठा दाबून धरायचे आणि म्हणायचे, "नाव काहून वाचून राहिली वं बाई? खूण वाच."

नागपूरला सोनेगावच्या विमानतळाच्या कडेला आमच्या फ्लाइंग क्लबचं, विमानं ठेवायचं पत्र्याचं हँगर होतं. त्याच्या मागच्या खोलीत नकाशांचं लोखंडी कपाट होतं आणि हे त्या कपाटाचे राखणदार. हुद्दा कारकुनाचा. पण चीफ इन्स्ट्रक्टरसाहेबांचा नियम होता की एकट्याने लांबच्या उड्डाणाला जाण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याने यांच्यासमोर नकाशा वाचायचा. यांनी वहीत सही केली तरच विमान मिळायचं. क्लबात सगळे त्यांना नकाशेवाले काका म्हणत. बुटके, अंगात नेहमी पांढरा बुशशर्ट, खिशात दोन पेन्सिली आणि एसटीच्या जुन्या तिकिटांची गड्डी. तिकिटं कशासाठी, ते पुढे सांगते.

माझं लायसन्स त्या एका लांबच्या उड्डाणावर अडलं होतं. बाकी सगळं झालेलं होतं. बाबांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, मला अक्षय्य तृतीयेपर्यंत मुदत दिली होती. एक स्थळ आलं होतं. मुलाच्या आईचा निरोप होता, "लायसन्स झालेलं असेल तर आनंदच आहे. पण लग्नानंतर अर्धवट शिक्षण पुरं करत बसणं आमच्याकडे जमायचं नाही." तो मुलगा म्हणजे तुमचे आजोबा. स्थळ मला पसंत होतं, हीच अडचण होती.

मला अभ्यासाची भीती नव्हती. नकाशावरच्या खुणांची मी एक वही केली होती. तीन शाईंत, पट्टीने आखलेली. रेल्वेची रेघ, विजेच्या तारा, कोरडा नाला, वाहती नदी, देऊळ, किल्ला, उंच धुरांड्याची टोपीसारखी खूण आणि तिच्याशेजारचे दोन आकडे, एक समुद्रसपाटीपासूनच्या उंचीचा आणि दुसरा जमिनीपासूनच्या. ती वही मी काकांपुढे ठेवली. त्यांनी पहिलं पान बघितलं, "अक्षर चांगलं हाय," म्हणाले आणि तिच्यावर चहाचा ग्लास ठेवला. तो गोल डाग वहीच्या पुठ्ठ्यावर शेवटपर्यंत राहिला.

मग प्रश्न सुरू झाले. मी धडाधड उत्तरं दिली.

"ही निळी खूण?"

"तलाव. बारमाही."

"आज हाय का त्याच्यात पानी?"

"नकाशावर निळा आहे म्हणजे असणार."

"मी कागदाचं इचारून नाई राहिलो. तलावाचं इचारून राहिलो."

आता मला सांगा, धंतोलीतल्या खोलीत बसून अभ्यास करणाऱ्या मुलीने उमरेडपलीकडच्या तलावात आज पाणी आहे की नाही हे कसं सांगायचं? मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मंग वर जाऊन काय पाह्यशील तू?" आणि नकाशाची घडी घातली. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी त्यांनी सही केली, पण तोंड असं केलं की जणू मी ती चोरून घेत होते.

उड्डाणाच्या आदल्या दिवशी मार्ग आखायला नकाशा घरी मिळत असे. मी तो जेवणाच्या टेबलावर उघडला आणि मला वाईट वाटलं. छापील नकाशा इतका देखणा, आणि त्यावर जागोजागी पेन्सिलीची गिचमीड. कोराडीला वीजघराच्या धुरांड्यांच्या टोप्या हाताने काढलेल्या. कुठे फुली, कुठे वेडंवाकडं कडं, कुठे आडवंतिडवं लिहिलेलं "चैत्रात कोरडा". मला वाटलं, आधीच्या विद्यार्थ्यांचा हा सराव असणार. कोराडीचं धुरांडं तर आमच्या गच्चीवरून दिसायचं, त्याच्यासाठी मला खूण नको होती. मी चांगलं रबर घेतलं आणि सगळा नकाशा पुसून काढला. मग टोकदार पेन्सिलीने माझा मार्ग आखला. सोनेगावहून उमरेडपलीकडचा तलाव, तिथे वळण घेऊन पवनीला वैनगंगा, तिथून भंडारा आणि परत. तो स्वच्छ नकाशा मी आईलाही दाखवला होता. ती म्हणाली, "छान टापटीप केलास."

आमचं विमान म्हणजे कापडी पंखांचं, दोन माणसांचं पुष्पक. त्या सकाळी शेजारची जागा रिकामी होती. उमरेडपर्यंत सगळं घड्याळाप्रमाणे झालं. मग समोर पाणी चमकलं, चांगलं मोठं, निळंहिरवं. वेळेच्या जरा आधी आलं होतं, पण मी मनाशी म्हटलं, वारा पाठीमागून असेल. पाण्यावर आले, वळले, वहीत वेळ लिहिली.

त्यानंतर नकाशा आणि जमीन यांचं काही जुळेना. पवनीच्या जागी पवनी नव्हती. नदी आली, पण तिचं वळण भलतीकडेच. नकाशावर रस्ता होता तिथे खाली नुसती माळरानं, आणि खाली रस्ता दिसला तो नकाशावर नाही. मी नकाशा उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला. तीन शाईंतली एक-एक खूण मला तोंडपाठ होती आणि खालचं एकही गाव मला ओळख देत नव्हतं. पेट्रोलचा काटा पाहून मी शेवटी उत्तर धरली. एवढंच ठाऊक होतं की कलकत्त्याची मोठी रेल्वे लाइन कुठेतरी आडवी येईल. ती आली. तिच्या अंगाने मी नागपूरला पोचले, तेव्हा पाऊण तास उशीर झाला होता.

चीफसाहेबांनी हँगरच्या दारातच सांगितलं की आता पुन्हा नकाशेवाल्यांची सही मिळेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही. अक्षय्य तृतीयेला तीन आठवडे होते.

काकांनी नकाशा मागितला. खिडकीपाशी तिरपा धरला. पेन्सिल पुसली तरी कागदावर तिचा दाब राहतो. ते त्यावरून बोट फिरवत राहिले.

"पुसलं?"

"मळका होता."

"काय पाह्यलं तू?"

"तलाव पाहिला. तिथे वळले."

"तलाव कोरडा पडून दीड महिना झाला," ते म्हणाले. "तू पाह्यलं ते कोळशाच्या खाणीचं पानी. जुन्या खड्ड्यात सोडतात. मी लिहून ठेवलं होतं."

त्यांचा आवाज चढला असता तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी नकाशा कपाटात ठेवला, कुलूप लावलं आणि आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मी रोज सायकलने जायची, बाकावर बसायची आणि परत यायची. घरी बाबा विचारायचे, "झालं का?" मी "नाही" म्हणायची. ते कॅलेंडरकडे बघायचे. आठ दिवस एका कारकुनासाठी बाकावर बसायचं, या विचाराने माझ्या कानशिलांत ठणका लागायचा. मी पदवीधर होते, चुकले होते हे कबूलही केलं होतं. याहून काय करायला हवं, ते एकदा सांगून तरी टाकावं.

नवव्या दिवशी ते म्हणाले, "उद्या सकाळची उमरेडची बस. टोपी घालून ये."

तेव्हा मला तिकिटांचा उलगडा झाला. हे गृहस्थ सुट्टीच्या दिवशी एसटीने हिंडत. कधी उमरेड, कधी भिवापूर, कधी कोराडी. खिडकीतून दिसेल ते तिकिटाच्या कोऱ्या बाजूवर टिपत. सोमवारी कपाटातल्या प्रत्येक नकाशावर ते पेन्सिलीने चढवत. नवीन धुरांडं, आटलेला तलाव, वळवलेला रस्ता. हे काम त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं. छापील नकाशा कित्येक वर्षांपूर्वीचा होता आणि नवा कधी येईल ते कोणालाच माहीत नव्हतं.

बसमध्ये मी विचारलं, "काका, तुम्ही कधी वर जाऊन का नाही पाहिलं?"

"गेलो होतो एक डाव. साहेबानं नेलं. उलटीच्या पिशवीशिवाय काई दिसलं नाई मले." मग कंडक्टरला हाक मारली, "भिवापूरच्या रस्त्यावरच्या पुलाचं कुठवर आलं गा?"

"तुमचं पुलावाचून काय अडलं, बुवा?" कंडक्टर म्हणाला. "खांब उभे करून राहिले. तुमी काय वरून गाडी नेता का?"

"मी नाई," काका माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हे नेते." सगळी बस माझ्याकडे वळून बघायला लागली.

खाणीच्या कडेला वारा आणि कोळशाची भुकटी. खाणीवरचा राखणदार काकांना ओळखत होता. "आज पोरगी आनली का संगं?"

"पायलट हाय," काका म्हणाले.

लायसन्स हातात नसताना मला तसं म्हणणारे ते पहिलेच. म्हणून माझा राग जायला हवा होता. पण त्यांनी लगेच मला उन्हात त्या खड्ड्याभोवती फिरवलं, पावलं मोजायला लावली आणि रेल्वेचं फाटक कोणत्या अंगाला येतं ते तीन-तीनदा विचारलं. मग नकाशा गुडघ्यावर पसरून पेन्सिल माझ्या हातात दिली. मी पट्टी काढली.

"पानी पट्टीनं काढते का कोनी?"

मी हातानेच काढलं. पहिलं कडं त्यांनी पुसायला लावलं, दुसरंही. तिसरं राहू दिलं. त्याच रस्त्याने पुढे जाऊन आम्ही तो खरा तलावही पाहिला. तळाची माती भेगाळली होती आणि मधोमध म्हशी बसल्या होत्या. "लिही," ते म्हणाले. मी फुली मारली आणि त्यांचेच शब्द पुन्हा लिहिले, चैत्रात कोरडा.

अक्षय्य तृतीयेच्या चार दिवस आधी त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले. उमरेडपलीकडे पाणी चमकलं, मी काढलं होतं तिथेच, उजव्या हाताला. मी वळले नाही. तीन मिनिटांनी एक तपकिरी थाळी दिसली आणि तिच्यात काळे ठिपके, म्हशींचे. तिथे वळले. पवनी पवनीच्या जागी होती, भंडारा भंडाऱ्याच्या. उतरले तेव्हा वेळेत फक्त दोन मिनिटांचा फरक होता. चीफसाहेबांनी हात मिळवला.

मी धावत मागच्या खोलीत गेले. काका चहा पीत होते.

"काका, झालं. सगळं जिथल्या तिथे सापडलं."

"भिवापूरच्या रस्त्यावरच्या पुलाले किती खांब झाले?"

मी त्या रस्त्यावरून गेले होते. पूल बघितला नव्हता.

"मंग काय पाह्यलं तू?" ते म्हणाले आणि उरलेला चहा संपवला.

आज इतकी वर्षं झाली, तरी ते वाक्य आठवलं की मला ओशाळल्यासारखं होतं आणि रागही येतो. त्या दिवशी तरी "बरं झालं" म्हणायला काय हरकत होती? बाहेर पडताना त्यांनी तो नकाशा माझ्या पिशवीत कोंबला. "आता ह्याच्यावर तुझं बी हाय. घेऊन जाय." एवढंच.

लायसन्स वेळेत झालं, लग्न झालं, आम्ही दूर गेलो. सुट्टीला आले की मी क्लबात डोकवायची. पहिल्या दोन खेपांना काका होते. तिसऱ्या खेपेला खोलीत दुसरेच गृहस्थ होते आणि भिंतीवर नवा छापील नकाशा. काका निवृत्त झाले आणि मग वर्षभरात गेले, असं त्यांनी सांगितलं. जुने नकाशे? "ते मळके होते, बाई. कपाट साफ केलं तेव्हा काढून टाकले." मला बोलायला तोंड नव्हतं.

त्याच सुट्टीत मी तुमच्या आजोबांना एसटीने भिवापूरला नेलं. मिरच्या घ्यायला, असं सांगितलं होतं. पुलावर बस हळू झाली तेव्हा मी खिडकीतून वाकून खांब मोजले. सात होते. तिकिटाच्या मागे लिहून घेतलं आणि घरी येऊन नकाशावर चढवलं.

माझं लायसन्स केव्हाच बाद झालं. तीन शाईंची वही घर बदलताना हरवली. नकाशा आहे. उमरेडच्या पुढे कागद रबराने पातळ झालेला आहे, त्यावर मी हाताने काढलेलं खाणीचं पाणी आहे, आणि भिवापूरच्या रस्त्यावर सात खांबांचा पूल आहे.