फोन जमा करणाऱ्या मावशी

टेमघरच्या आमच्या शाळेत सकाळी मुलांचे फोन जमा करायचं काम शिपाई मावशींकडे आहे. फोन घेताना त्या प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघतात. एकदा शाळा सुटली तरी नववीतली एक मुलगी फोन परत घेईना. मावशींनी तिला शेजारी बसवून पाणी दिलं. तेव्हा तिनं सांगितलं, कुणी अनोळखी माणूस फोनवर तिला तिच्या फोटोवरून धमकावत होता. तिचा हात धरून मावशी माझ्याकडे आल्या.

"बाई, पोरीचा काय चुकला न्हाय. आधी हिचा ऐका, मंग बोला."

त्याच दिवशी तिच्या आईसोबत जाऊन आम्ही पोलिसांत तक्रार दिली. धमक्या थांबल्या.

परवा मधल्या सुट्टीत आणखी दोन मुली मावशींशी हळू आवाजात बोलत होत्या. मी पुढे झाले, तर मावशींनी हातानंच थांबवलं. मी मागे फिरले.