ओवाळणीत मागितलेली खिडकी

कुंताबाईचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. रात्री भिजवलेला तेंदूपत्ता ऊन चढायच्या आत कापला नाही, तर मे महिन्यात हातात तडकतो. कापणं उरकलं की दुपारभर कूलरसमोर बसून सानगडी गावातल्या आपल्या एका खोलीत ती बिड्या वळायची.

कूलर पश्चिमेच्या खिडकीत होता. समोरची खिडकी धाकट्या भावाच्या, हिरालालच्या अंगणात उघडायची. हवा इकडून यायची, तिकडून जायची. पानही तडकत नसे, बिडीही सादळत नसे.

बाप गेल्यावर कुंताबाईने ही खोली ठेवून बाकी घर भावाला सोडलं. त्या भाऊबीजेला ताटात नोट ठेवू लागलेल्या हिरालालचा हात धरून ती म्हणाली होती, "पैसे नोको. माही खिडकी कधी बुजवू नोको, एवढंच दे."

"देल्ली, बाई," तो म्हणाला होता.

यंदा उन्हाळ्यात ती दोन दिवस भंडाऱ्याला लेकीकडे गेली. परतली तेव्हा खिडकीत विटा होत्या.

"काहून बुजवली रे?"

"संडास बांधून राहिलो ना. तुह्याकडे कूलर हाय, खिडकी कायले पायजे?"

"आलेली हवा जाईन कुठून? घर भिजते, हिरा."

"तं बंद ठेवत जा कूलर."

"ओवाळणीत देल्ली होती तू."

हिरालाल हसला. "ओवाळणीची का रजिस्ट्री होते, बाई?"

कुंताबाई घरात गेली. तिने कूलर लावला. तासाभरात अंग चिकट झालं, मीठ पाझरलं. पंप बंद करून नुसता पंखा ठेवला, तर पान तडकू लागलं. दार उघडं ठेवलं, तर रस्त्याची धूळ तंबाखूत. चुलीजवळ सुकवलेल्या बिड्या वाकड्या झाल्या. आठवडाभरात बांधलेल्या बिड्यांच्या कट्ट्यांना बुरशी लागली. कारखान्याच्या तपासनिसाने ते बाजूला फेकले आणि म्हणाला, "पुन्हा असा माल आणला तं वळायले तेंदूपत्ता मिळणार नाही, कुंताबाई."

दुसऱ्या दिवशी तिने छपरावरचे कवेलू फेरणाऱ्या डोमाला बोलावलं. त्याने आढ्याजवळचे कवेलू काढून धुराड्यासारखं तोंड केलं, वर पत्र्याची टोपी बसवली. दमट हवा वर निघून जाऊ लागली.

हिरालालच्या रीनाचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. भाचीच्या पैंजणांसाठी कुंताबाईने वर्षभर बिड्यांची मजुरी बाजूला ठेवली होती. त्यातून डोमाचे पैसे दिले, पत्रा घेतला.