ताणातल्या बागेतलं पाणी

आमच्या घरात देव नाही, त्यामुळे भूतही नाही. वडिलांनी छप्पन साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा दोघांनाही एकदमच रजा दिली, असं ते हसून सांगायचे. कुणी झपाटल्याच्या गोष्टी सुरू केल्या की मी उठून चहा ठेवायला जायची. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटते आहे... पण घडलं ते घडलं.

पंच्याऐंशी सालची छब्बीस जानेवारी. शनिवार होता. आम्ही तेव्हा पांढुर्ण्याला राहायचो, हे तहसीलमध्ये कारकून. झेंडावंदन आटपून स्कूटरवर लोधीखेड्याला नणंदेकडे निघालो — हे, मी आणि तीन वर्षांची रंजू. घाई कसलीच नव्हती. ह्यांना तर दिसेल तिथे थांबायची हौस. इथे पेरू घे, तिथे ओळखीच्याशी गप्पा मार. पुढे शनिवारमुळे जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाची ही गर्दी. "आतून रस्ता आहे," म्हणत ह्यांनी स्कूटर कच्च्या वाटेला घातली. ह्यांचा शॉर्टकट म्हणजे आगीतून फुफाट्यात, हे मला लग्नापासून ठाऊक होतं.

दोनदा वाट चुकून एका संत्र्याच्या बागेपाशी आलो आणि स्कूटर बंद पडली. भर दुपार, चिटपाखरू नाही. बाग ताणावर होती. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते — आंबिया बहार धरायचा तर थंडीत झाडांचं पाणी पार तोडतात. पानं माना टाकतात, मग पाणी दिलं की झाड फुलतं. तोवर बागेत थेंबभर पाणी कुणी जाऊ देत नाही. माझे वडील जन्मभर दुसऱ्यांच्या बागांत मजुरीला जायचे, मी ह्यातच वाढले.

हे प्लग साफ करत होते, मी डबा उघडत होते. वळून पाहते तर रंजू नाही.

हाका मारत झाडांत शिरलो आणि समोर विहीर आली. कठडा नाही. काठावर रंजूची एक चप्पल. खाली पाण्यावर शेवाळाचा हिरवा थर होता आणि तो मधोमध फाटलेला होता. ह्यांना पोहता येत नाही. तरी शर्ट काढून दगडांच्या खाचा धरत हे आत उतरायला लागले. मी थांबा थांबा ओरडत होते, आणि थांबून करायचं काय ते मला कळत नव्हतं.

तेवढ्यात पाणी ऐकू आलं. बागेच्या पाटातून खळखळ वाहणारं. ताणाच्या बागेत पाणी! डोक्यात एकच आलं — पाणी आहे म्हणजे माणूस आहे. आणि पाणी देणारा फावडं घेऊन पाटाच्या टोकाला उभा असतो. त्याला पोहता येत असेल... मी "वो भाऊ, वो भाऊ" करत पाटाच्या कडेनं पळत सुटले. गढूळ पाणी माझ्या बरोबरीनं वाहत होतं. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे.

टोकाला कोणीच नव्हतं. शेवटच्या झाडाच्या आळ्यात रंजू बसली होती. ओलीचिंब, दात वाजत होते. पाटात खेळली असेल असं वाटलं. तिला छातीशी धरून तशीच मागे पळाले. हे विहिरीत अर्ध्यावर लटकलेले. कसेबसे वर आले, तिला पाहिलं आणि मटकन बसून लहान पोरासारखे रडले.

आरडाओरडा ऐकून बागेचे मालक वाटेवरून धावत आले. तुम्ही पाणी सोडलं म्हणून लेक सापडली, असं मी त्यांना हात जोडून सांगितलं. ते म्हणाले,

"कोनतं पानी, बाई? बाग ताणावर हाय. मोटर तं मी कवाचीच काढून घरी नेली."

दाखवते चला, म्हणून मी रंजूला कडेवर घेऊन निघाले, हेही मागोमाग आले. पाट कोरडा ठणठणीत होता. तळाला भेगा, वर धूळ. शेवटचं आळंही तसंच. माझ्यावर चिडतील असं वाटलं, पण ते रंजूजवळ वाकले. म्हणाले, "मंग हे पोरगी कायनं भिजली?"

तेव्हा कुठे आम्ही तिला नीट पाहिलं. फ्रॉक गळ्यापर्यंत भिजलेला, केसांतून पाणी गळत होतं. ह्यांनी तिच्या कानामागून काहीतरी काढून तळहातावर धरलं. शेवाळ होतं. त्या विहिरीला पायऱ्या नव्हत्या, आणि बागेत त्या दिवशी दुसरं माणूस नव्हतं.

रंजू आज स्वतः आई आहे. तिला ह्यातलं काही आठवत नाही. पाणी वाहिलं हा माझा भास होता, असं कुणी म्हटलं तर मी वाद घालणार नाही. पण ते शेवाळ आम्ही दोघांनी आणि मालकांनीही पाहिलं. आमच्यात नवस नाही, पूजा नाही. माझ्यावर एवढे मोठे उपकार झाले, आणि हात जोडावेत तर कुणापुढे, ते मला माहीत नाही.