कापसात लपवलेलं इंजिन

परवा इथं शहरात आमच्या मस्तगडच्या गल्लीत शेजारीण स्कूटीला चावी तशीच लटकत ठेवून दुकानात शिरली. मी भाजी घेऊन येत होते. पिशवी खाली ठेवली अन् त्या स्कूटीपाशी उभी राहिले. ऊन चांगलं कडक होतं. बाई अर्ध्या तासानं बाहेर आली.

"मावशी, चावी काढून घ्यायची अन् मला हाक मारायची न! उन्हात कशाला उभ्या राह्यल्या?"

"न्हाई बाई," म्हटलं, "दुसऱ्याच्या वस्तूला मी हात लावत न्हाई."

ती हसली. घरी सुनेला सांगितलं तर तीही म्हणाली, "आई, तुमचं कायतरीच असतं."

कायतरीच नाही. एकदा हात लावला होता. ते आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. गावानं त्याचा विनोद करून टाकला अन् मीही तो होऊ दिला. आता लिहूनच काढते.

आमचं गाव अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठाला. खाली बंधारा झाला अन् नदीचं पाणी फुगलं ते उतरलंच नाही. आमची निम्मी रानं पलीकडं पडली. पूर्वी उन्हाळ्यात चालत जायचो, आता होडीशिवाय पाय टाकायची सोय नाही. आठ घरांनी मिळून होडी घेतली. ती चालवायला भोयाचा एक माणूस होता, आमच्या ह्यांच्याहून चार वर्षांनी लहान. मला वैनी म्हणायचा, मी त्याला भाऊ. त्याचा बाप वल्ह्यावर नाव चालवायचा आणि पावसाळा संपला की नाव दगड भरून काठाच्या उथळ पाण्यात बुडवून ठेवायचा. बुडलेल्या नावेला चोर नाही, असं म्हणायचा म्हातारा. लाकूडही सुकून तडकत नाही.

पण आम्ही होडीला मागं इंजिन बसवलं. जुनंच, कुणाकडून तरी आणलेलं, पंधरा-वीस किलोचा जीव. दोन मुठी फिरवल्या की होडीपासून सुटं व्हायचं, आणि सुटं होणारी वस्तू आमच्या काठावर कुठली टिकायला! पाण्यातल्या मोटारी जायच्या, केबल जायची, स्टार्टर जायचे. केबल तर रात्रीतून जाळून तांबं काढून नेलेलं सकाळी कळायचं, काळा राखेचा डाग तेवढा मागं.

आमचं घर काठाला सगळ्यांत जवळ. म्हणून संध्याकाळी इंजिन आमच्या घरी ठेवायचं ठरलं. ठरवलं कुणी? खरं सांगते, मीच. मला त्या कामाची हौस लागली. साखळी मी आणवली, कुलूप मी. दिवसा नावाड्याला होडी सोडून जायचं झालं तर साखळी इंजिनातून ओवून बाभळीला कुलूप लावायचं, हा नियम माझा. पोळ्याचा बैलांच्या शिंगांचा रंग उरला होता, तो मी इंजिनाला फासला, निम्मं लाल निम्मं पिवळं. "असलं सोंग चोर कुणाला विकंल?" म्हणून. नावाडी हसून हसून बेजार. म्हणाला, "वैनी, आता याला झूल घाला अन् मिरवणुकीत न्या." पण रंग त्यानं खरवडला नाही. रोज संध्याकाळी ते सोंग खांद्यावर घेऊन यायचा, दारात ठेवायचा अन् म्हणायचा, "घ्या तुमचा बैल, बांधा."

मी मात्र सगळ्यांना तेच ऐकवत सुटायची. ज्याची मोटार गेली त्याला म्हणायची, "चोराला काय बोल लावता? तुम्हीच हलगर्जी." ज्याचं गेलंय त्याला असं बोलू नये, एवढी अक्कल तेव्हा नव्हती.

आता एक रीत सांगते, ती कळल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमच्याकडं कुणी वस्तू उघड्यावर टाकून गेलं की ती गुपचूप उचलून लपवायची. सापडेना झाली की माणूस कासावीस होतं, सगळं घर पालथं घालतं, अन् मंग हळूच काढून द्यायची. सगळे हसतात आणि ते माणूस जन्मात पुन्हा विसरत नाही. मी नवी नवरी असताना आडावर पोहरा विसरून आले होते. सासूबाईंनी तो दोन दिवस भुसाऱ्यात दडवला. मी रडून रडून डोळे सुजवले. तिसऱ्या दिवशी काढून दिला अन् म्हणाल्या, "आता इसरशील?" नाही विसरले. मला वाटायचं, शिकवायची हीच पद्धत.

दिवाळी उलटली होती. कापसाची वेचणी जोरात. घरोघरी पुढच्या खोलीत छपराला टेकेल एवढा कापूस. दुपारी मी कापूस बांधायची चवाळी धुवायला काठावर गेले. बघते तर होडी उभी, मागं इंजिन तसंच, साखळी बाभळीला नुसती लोंबतेय, कुलूप उघडं. नावाडी कुठं दिसेना. दोन हाका मारल्या. ओ नाही.

माझं डोकंच फिरलं. इतकं सांगून! म्हटलं थांब, तुला चांगला धडा देते. दोन मुठी फिरवल्या, इंजिन सोडलं, चवाळ्यात गुंडाळलं, चुंबळ केली अन् उचललं डोक्यावर. गाव सगळं रानात. वाटेत कुणी भेटलं असतं तरी कापसाचं ओझं समजलं असतं. घरी आले, पुढच्या खोलीत गंजीत हात घालून पोकळी केली अन् आत सारून वरून कापूस ओढला. मनातल्या मनात हसत होते. म्हटलं, संध्याकाळी हा तोंड पाडून येईल, मी जरा रागवेन अन् मंग काढून देईन. चहा पाजीन.

संध्याकाळपर्यंत थांबावं लागलं नाही. चारच्या सुमारास काठावर कालवा उठला. गेले. आठही घरांची माणसं जमलेली, पलीकडचे वेचणारे होडीसाठी ओरडत होते. नावाडी मध्ये उभा, कमरेपर्यंत चिखलानं माखलेला.

"होडी सोडून कुठं गेल्तास?" एकानं विचारलं.

"वैनींचा बैल गाळात रुतला व्हता वळणापाशी. मालकानं हाका मारल्या म्हणून पळालो. दोघांनी मिळून आत्ता काढला."

माझा बैल. आमच्या ह्यांनी बोलावलं होतं. मला काहीच माहीत नव्हतं.

तिथंच बोलायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. तेवढ्यात एकानं त्याच्या सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला, "हे काय रे फुगलंय?" नावाड्यानं काढून दाखवलं. इंजिनाचा प्लग होता.

"कुलूप लावाया टाइम नव्हता. प्लग काढून घेतला. म्हटलं, कुणी नेलं तरी चालू व्हायला नको."

"वा! इंजिन चोरानं नेलं अन् प्लग तुझ्या खिशात राह्यला? बराबर!"

"प्लग जपून ठेवला म्हणजे इकताना लागंल," दुसरा म्हणाला. दोघं-चौघं हसले. ते हसणं काही चांगलं नव्हतं. तिसरा म्हणाला, "भोयाच्या घराची झडती घ्या, जल्दी. पोलिसाची गरज न्हाई."

आणि मंग ते सगळे माझ्याकडं वळले. राखणारीण मी ना. "वैनी, तुम्ही काय म्हणता?"

मी काय म्हणाले ते लिहिताना आजही हात थांबतो. म्हणाले, "झडती घेतलेली बरी. कुणाच्या मनात किंतु नको."

मला वाटलं, काही सापडणार नाही, हा मोकळा होईल, मंग सावकाश सांगता येईल. असं मी स्वतःला सांगितलं. खरं कारण एवढंच की एवढ्या माणसांसमोर मला माझं तोंड वाचवायचं होतं.

घर ते केवढं! दोन खण. जाळी बाहेर आली, गोधड्या बाहेर आल्या, पिठाचा डबा उपडा झाला. पिठाच्या डब्यात कुठं इंजिन असतं! त्याची बायको कुडाला टेकून उभी होती, पदर दातात धरून. तिनं कुणाला शिवी दिली नाही. तिच्या गोधड्यांवरून माणसं चपलांनी चालली. मीही तिथं होते. एक गोधडी माझ्या पायाशी पडली होती, ती उचलायलाही वाकले नाही.

घरी आले तर आमचे हे बैलाला धूत होते. ऐकून तांबडेलाल झाले. "मीच हाक मारली त्याला! त्यो नसता तर बैल गेल्ता. कोण म्हणलं झडती घ्या?"

मी चुलीपुढं बसले आणि भाकरी थापायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी वेचणीला जायलाच हवं होतं. नावाड्यानं बापाची वल्ही काढली. इंजिनानं पाच मिनिटांत व्हायची ती खेप, वल्ह्यावर अर्धा तास. वारा समोरचा. होडीत आम्ही नऊ बाया. रोज बडबड करणारी मी पाण्याकडं बघत बसले. मधोमध आल्यावर तो म्हणाला, खाली बघूनच, "वैनी, बाकीचे म्हणू द्या. तुम्ही तरी मला चोर म्हणू नका."

"न्हाई म्हणत, भाऊ."

बस, एवढंच बोलले. काठ येईपर्यंत अजून किती वेळ होता. सगळं सांगून झालं असतं.

सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, अन् तेही मन पालटलं म्हणून नाही. व्यापाऱ्याचा टेम्पो कापूस भरायला येणार होता. पहिल्या दोन कवळ्यांतच इंजिन उघडं पडलं असतं. सकाळी ह्यांना खोलीत बोलावलं अन् कापूस बाजूला केला. ह्यांनी त्या लाल-पिवळ्या सोंगावरून एकदा हात फिरवला. मंग म्हणाले, "झुडपात सापडलं म्हणून सांगू. चोर टाकून पळाला म्हणू."

मी हो म्हणाले. हो, लगेच म्हणाले. पण इंजिन ग्रीसनं माखलेलं, अन् त्याला नखाएवढी जागा न सोडता सरकी-कापूस चिकटलेला. जणू मेंढरू. आम्ही दोघं ओढत बसलो. रॉकेलचा बोळा फिरवला, नखांनी टोकरलं. जन्मभर कापूस वेचला मी, अन् एवढा मला वेचता येईना. पाणी कापणाऱ्या पंख्याच्या आत, सांदीत, सगळीकडं तंतू. झुडपात सापडलेल्या वस्तूला कोण असला कापूस लावून ठेवतं? हे हात पुसून उठले अन् म्हणाले, "जा. घेऊन जा त्याच्याकडं."

मी डोक्यावर घेऊन निघाले. या वेळी चवाळं नाही. चौकात चहाच्या टपरीवर माणसं होती, सगळ्यांनी बघितलं.

नावाडी दारात जाळी विणत होता. इंजिन खाली ठेवलं अन् सांगितलं सगळं, पोहऱ्यापासून. त्याची बायको आतून आली. माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, मंग आता तुमच्या घराची बी झडती व्हायची का? तुमचा पिठाचा डबा मोठा असंल."

जाळं बाजूला सारून तो इंजिनापाशी आला. गुडघ्यावर बसला, पंख्यातून कापसाचा एक एक धागा ओढला. खिशातून प्लग काढला. तीन दिवस तो खिशातच होता. फुंकर मारली, आट्यांवर बसवला.

"मी प्लग काढून घेतल्ता, वैनी," तो म्हणाला. "तुम्हाला तर कळत व्हतं न, प्लग कशाला काढतेत?"

कळत होतं. तिथल्या कुणापेक्षाही जास्त मलाच कळत होतं.

एव्हाना टपरीवरचे मागून आलेच होते. मला वाटलं, आता मला शिव्या देतील, द्यायलाच पाहिजेत. तर ते हसायलाच लागले! "वैनीनं धडा शिकवला की ओ! बैलच पळवला!" झडती घेणारेच सगळ्यांत मोठ्यानं हसत होते, त्यांची सुटका झाली होती. "चला, घरातल्या घरात व्हतं, मिटलं." कुणी त्याला 'चुकलं' म्हणालं नाही. मीही तेवढ्या गर्दीत म्हणाले नाही की झडतीला हो मीच म्हणाले होते. उलट, त्यांच्यासोबत मीही थोडी हसले. ते हसू मला आजही तोंडात कडू लागतं.

त्यानंतर त्यानं इंजिन आमच्या दारात आणलं नाही. रोज संध्याकाळी खांद्यावरून चौकात न्यायचा, टपरीसमोर उतरवायचा आणि मोठ्यानं म्हणायचा, "बघा रे, हाये का? बराबर हाये का?" दोघं-तिघं 'हाये' म्हणायचे, मंगच तो ते टपरीवाल्याच्या खोलीत कुलपात ठेवायचा. पहिले आठ दिवस लोक हसले. मंग हसणं बंद झालं. तो मात्र विचारत राहिला. मला ओट्यावरून ऐकू यायचं, रोज.

एकदा गावात लग्न होतं, सगळा गाव मांडवात. टपरी बंद, चौकात चिटपाखरू नाही. मी गुडघा मुरगळला म्हणून घरीच होते. तो आला, इंजिन खांद्यावर. इकडं तिकडं बघितलं. उतरवायचं कुणासमोर? मी ओट्यावरून उठले, काठी टेकत चौकात गेले.

"मी बघते, भाऊ. बराबर हाये. ठेवा खाली."

त्यानं माझ्याकडं बघितलं. राग नव्हता डोळ्यात.

"तुम्ही न्हाई, वैनी," म्हणाला.

मी परत ओट्यावर येऊन बसले. तो इंजिन खांद्यावर घेऊन तसाच उभा राहिला, या खांद्यावरून त्या खांद्यावर करत, मांडवातून कुणी तरी येईपर्यंत.