कवेलू उतरले, चूल नाही

वैनगंगेच्या काठावर बाबांनी आम्हाला डोंग्यात बसवलं. यजमानांना चांद्याच्या लाकूड डेपोत नोकरी लागली होती, आणि मी गडचिरोलीकडचं गाव पहिल्यांदाच सोडत होते. आईनं तांदळाची गोणी चढवली. बाबा एवढंच म्हणाले, "शहरात कोणी लय गोड बोललं, तं सावध राहजो, पोरी."

गावात घरभाडं हा शब्दच कुणाला ठाऊक नव्हता. जंगलातून लाकडाच्या बल्ल्या आणायच्या, भावकीनं मिळून भिंती उभ्या करायच्या, झालं घर. चांद्यात परकोटाच्या आत आम्हाला दोन खोल्या मिळाल्या. मागच्या खोलीत एक शिंपीणबाई राहायची. घरमालक तिला म्हणाले, दुरुस्ती आहे, थोडे दिवस बहिणीकडे राहा. परत आली, तर दाराला दुसऱ्याचं कुलूप.

वर्षभरानं मालक आमच्याशीही गोड बोलू लागले. घरचं ताक पाठवू लागले. मी ताक ठेवून घेई, पण पीत नसे. मग एक दिवस म्हणाले, "बाई, कवेलू फुटले हायेत. तुमी माहेरी जाऊन या, तवरीक मी छप्पर नवं करतो."

यजमान सामान बांधायला लागले. मी म्हटलं, "तुमी जा. मी इथून हालत नाई."

यजमानांनी गाठोडं सोडलं. डेपोतल्या एकानं त्यांना सांगितलं, आता सरकारचा कायदा आहे, रेंट कंट्रोलर साहेबांच्या परवानगीशिवाय भाडेकरूला काढता येत नाही. मला तेही खरं वाटेना. कायदाही गोडच बोलत होता. तरी अर्ज केला. चौकशीला आलेला कारकून आधी मालकाच्या ओट्यावर चहा प्यायला. दाराआडून ते पाहिलं आणि वाटलं, संपलं सगळं.

मालकानं मजूर चढवून छपरावरचे कवेलू उतरवले. मी उघड्या आभाळाखाली भात शिजवत राहिले.

अखेर साहेब स्वतः आले. वर पाहून म्हणाले, "बाई, इथं कशा राहता?"

"चूल इथीच हाय, साहेब. ती उचलली तं घर गेलं."

साहेबांनी मालकाला तिथंच बजावलं, छप्पर पावसाआधी बसवा, आणि ही माणसं आत असतानाच बसवा.

छप्पर बसलं, आणि चांगलं बसलं. मृगात थेंब गळला नाही. मालकाला खरंच दुरुस्तीच करायची होती का, हे मला आजही सांगता येत नाही. शिंपीणबाई आठवली की माझा संशय बरोबर वाटतो. ताक मात्र बंद झालं.

पुढं बाबा भेटायला आले. "हे घर तुमचं हाय का?"

"नाई बाबा. पण कोणी उठ म्हटलं, तं काऊन उठवतो, ते त्याले साहेबापुढं सांगा लागते."

बाबांनी वर नव्या छपराकडे पाहिलं. मग म्हणाले, "जंगलखात्यानं आपल्या बाजूचा टोला उठवला, सारी वस्तीच. त्या लोकाईले कोणी काई विचारलं नाई."

गावच्यांनो, तुम्ही विचारता, घरी कधी येता? तुम्हाला उद्या कोणी उठ म्हटलं, तर दाद मागायला कुठं जाल, ते आधी सांगा. तोवर या भाड्याच्या खोल्यांनाच मी घर म्हणते.