उंबरापुढं मारलेली रेघ

माझा साडू इंदापूरला असतो आणि मी बारामतीला. दोघांचा धंदा एकच: झाडं उतरवणं, फांद्या छाटणं, कुंपणाची मेंदी कापणं. माझी मेहुणी त्याला दिली तेव्हा तो पाइपलाइनची कामं करायचा. झाडांच्या कामात तो माझ्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला, आणि तोही माझ्याकडे दोन महिने दोर धरून. हे मी कुणाला सांगत नाही, पण विसरतही नाही.

दर काढायची माझी पद्धत ठरलेली आहे. आधी जागा बघायची, टेप लावायची. कुंपण असेल तर फुटावर दर. उंची छातीच्या वर गेली की दर वेगळा, कारण मग शिडी लागते आणि दिवसाचं काम निम्म्यावर येतं. झाड असेल तर बुंध्याचा घेर, वरून जाणाऱ्या तारा, आणि खाली पत्रा आहे की मोकळी जमीन. त्यानंतर विचारायचं, लाकूड कुणाचं? आमच्याकडे हा प्रश्न आधी मिटवला नाही तर शेवटी भांडण ठरलेलं. लाकूड मी नेलं तर वखारीत त्याचे जे येतील ते मजुरीतून वजा. मालकाला जळणाला ठेवायचं असेल तर मजुरी पूर्ण. सुबाभळीचा पाला शेळ्यावाले आनंदानं उचलून नेतात. गुलमोहराच्या फांद्या कुणाला नको असतात, त्यांना ट्रॉली लागते, म्हणून ट्रॉलीचं भाडं वेगळं. हे सगळं ओळीनं लिहून, खाली बेरीज करून मी कागद देतो. गिऱ्हाइकाला कळायला पाहिजे की पैसे कशाचे.

साडू काहीच लिहीत नाही. झाडाखाली उभा राहून वर बघतो, मालकाच्या सुनेचं बाळंतपण नीट झालं का विचारतो, चहा घेतो आणि उक्ता आकडा सांगतो. "एवढ्यात सगळं. तुमी बघायलासुदिक येऊ नका." तो आकडा माझ्यापेक्षा हमखास जास्त असतो आणि काम त्यालाच मिळतं. त्याच्याकडे आता बॅटरीची कात्री आहे, उंच दांड्याची करवत आहे, आणि गाडीच्या काचेवर धंद्याचं नाव आहे. मला चहा कागदी कपात येतो, त्याला बशीसकट. हे माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

"त्यास्नी बेरीज येत नसंल," बायको एकदा भाकरी थापताना म्हणाली, "पण गिऱ्हाईक येतं." तिनं वर बघितलंही नाही.

बारामती-इंदापूर रस्त्यावर एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या कुंपणाचं काम नऊ वर्षं माझ्याकडे होतं. सहाशे वीस फूट मेंदी, दोन्ही बाजू आणि माथा, फुटाला चौदा रुपये, वर्षातून तीनदा. फार मोठी रक्कम नाही, पण ठरलेली. माझ्याकडे कायमचे दोनच गडी. त्यातले कन्हेरीचे आबा साठीच्या पुढचे. झाडावर चढणं त्यांनी सोडलंय, पण त्यांच्याइतकी सरळ कात्री कुणाची चालत नाही. कार्यालयाचं कुंपण हातातून गेलं तर आबांना घरी बसवावं लागणार, हे मला माहीत होतं आणि आबांनाही.

गेल्या वर्षी कार्यालयाच्या मालकांनी बोलावलं. त्यांना सगळे तात्या म्हणतात. मागची भिंत फुगून बाहेर आली होती. भिंतीला लागून सुबाभळी, दोन नीलगिरी आणि एक जुना उंबर.

"झाडं, कुंपण, समदं वर्षाचं काम एकालाच देणार," तात्या म्हणाले. "मला चार जणांचे फोन उचलायचे न्हायत. कागद द्या."

मी अर्धा दिवस मोजमाप केलं. झाडांचे, लाकडाची किंमत वजा जाता, पंधरा हजार चारशे साठ. वर्षाच्या कुंपणाचे सव्वीस हजार चाळीस. एकूण साडेएकेचाळीस हजार. उंबराच्या ओळीत मात्र आकड्याच्या जागी रेघ मारली. उंबर आम्ही तोडत नाही. दत्ताचं झाड. माझ्या वडिलांनी कधी तोडला नाही, माझे गडी त्याला कोयता लावत नाहीत, आणि जे करायचं नाही त्याचा दर कसा लिहायचा?

आठवड्यानं काम साडूला गेलं. साठ हजार, उक्तं. ही बातमी मला माझ्या बायकोनं दिली आणि तिला तिच्या बहिणीनं. म्हणजे आमच्या स्वयंपाकघरात ती माझ्याआधी पोचली होती.

मी तात्यांकडे गेलो.

"माझ्यापेक्षा साडेअठरा हजार जास्त देताय, तात्या."

"व्हय, देतोय."

"का, तेवढं सांगा."

त्यांनी माझाच कागद पुढे केला. "हितं बघा. भिंत कशानं फुगली? उंबरानं. त्याच्याम्होरं तुमी रेघ मारून ठेवली. मी काय समजायचं?"

"उंबर कुणीच तोडणार नाही."

"तुमचं साडू म्हणलं, ते मी बघतो. मला तेवढंच ऐकायचं हुतं."

परतताना मला राग यायला हवा होता, पण खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. हा आता अडकणार, असा माझा हिशोब होता. इंदापुरापासून सुप्यापर्यंत उंबराला करवत लावणारा गडी त्याला मिळणार नाही. भिंत आहे तशीच राहील, तात्यांचे फोन सुरू होतील, आणि उक्त्या आकड्याची मजा सगळ्यांना कळेल.

त्याच आठवड्यात आबा म्हणाले, "मालक, तुमच्या साडूंचा फोन आलता."

"उंबर तोडायला?"

"न्हाय. मेंदीला. कात्री घिऊन या म्हणलं."

"मग?"

"मी म्हणलं, आमचं मालक हायती, त्यास्नी इचारा." कात्री गोणपाटात गुंडाळत ते म्हणाले, "पर लवकर इचारा म्हणलं."

ते 'लवकर' माझ्यासाठी होतं. दिवाळीनंतर आबांना द्यायला माझ्याकडे काम नव्हतं. हात पुसून ते सायकलला टेकले आणि मी दुसऱ्याच विषयावर बोलत राहिलो.

महिन्याभरानं मशीनची साखळी आणायला मी इंदापूरला गेलो. साखळी बारामतीतही मिळते. कार्यालयापाशी गाडी आपोआप हळू झाली असं म्हणणं खोटं ठरेल. मी ती थांबवली, उतरलो आणि मागच्या बाजूला गेलो.

सुबाभळी आणि नीलगिरी गेल्या होत्या. उंबर जागेवर होता. छपरावर आलेल्या दोन-तीन फांद्या तेवढ्या हलक्या केल्या होत्या. आणि भिंत त्या झाडाला वळसा घालून गेली होती. जुना फुगलेला भाग पाडून साडूनं गवंडी लावला होता आणि उंबर आत घेऊन भिंत अर्धगोल बांधली होती. बुंध्याभोवती पार केला होता, त्यावर शहाबादी फरशी.

तात्या तिथंच होते. मला बघून त्यांना आनंद झाला, कारण दाखवायला कुणीतरी हवं होतं.

"लगीन म्हणलं की मुहूर्तमेढीला उंबराची फांदी लागती," ते म्हणाले. "लोकं आदल्या दिवशी गावं हिंडत्यात. तुमचं साडू म्हणलं, तात्या, हे झाड पाडताय कशाला, हे तर तुमचं गिऱ्हाईक हाय. आता आमच्याकडं तारीख धरली की फांदी हितली. दोन पार्ट्यांनी तेवढ्यावर तारीख धरली."

मी पारावर बसलो. हे मला माहीत नव्हतं का? पुतणीच्या लग्नात उंबराची फांदी शोधायला मीच मोटारसायकलवर सकाळपासून दुपारपर्यंत फिरलो होतो. किती पेट्रोल जळालं तेही मी सांगू शकेन. त्या झाडाखाली अर्धा दिवस टेप घेऊन उभा होतो आणि मला तोडणं आणि न तोडणं एवढंच दिसलं. रेघ मारून मी माझा धर्म पाळला. त्यानं तोच धर्म पाळला आणि वर त्याचे पैसे घेतले. मला त्याच्या गाडीचा, कात्रीचा हेवा होता तोवर ठीक होतं. गाडी घेता येते. हे कुठून घ्यायचं ते कळेना.

चार दिवसांनी त्याचा फोन आला.

"दादा, तात्यांचं कुंपण तुमीच करा. आमची पोरं मेंदीला बैलगाडीच्या चाकोरीगत करत्यात."

"आबांना परस्पर फोन केलात, पाव्हणं."

"केला की. त्यांनी मला तुमच्याकडं धाडलं. लई इमानी माणूस." तो हसला. "दर तुमचा असंल तो. फुटाचं आपल्याला जमत न्हाय."

माझा दर चौदा. मी सतरा म्हणालो. तो घासाघीस करेल, मी पंधरावर येईन, आणि निदान एकदा तरी त्याला माझ्याकडून कमी करून घ्यावं लागेल, एवढंच मला हवं होतं.

"बरं," तो म्हणाला आणि कांद्याच्या भावाबद्दल बोलायला लागला.

म्हणजे नऊ वर्षं जे काम मी चौदानं केलं ते आता सतरानं करायचं, त्याच्या हाताखाली. वर्षाचे एकतीस हजार सहाशे वीस मला. साठातून ते वजा जाता त्याच्याकडे अठ्ठावीस हजार तीनशे ऐंशी उरतात. लाकडाचे पैसे गवंड्याला गेले असतील. ही वजाबाकी मी गरजेपेक्षा जास्त वेळा केली आहे. दर वेळी उत्तर बरोबर येतं आणि दर वेळी मला ते आवडत नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी तात्या फाटकात भेटले. "आलात व्हय? इंदापूरवाल्यांनी सांगितलं हुतं, माणसं येतील म्हणून." मी मान हलवली. आबांनी कात्रीला तेल लावलं, मी पहिल्या खुंटीला दोरी बांधली.

"मालक," आबा म्हणाले, "फुटाला तीन रुपये वाढलं म्हणं."

"वाढले."

"मग माझ्या हजेरीत?"

"पन्नास धरलेत."

"तुमच्या साडूंचं भलं हुवू दे," आबा म्हणाले आणि वाकले.

"दोरी सैल पडलीय, आबा," मी म्हणालो. "आधी ती ताणा."